झोपलेल्या माणसाची काठी

सोनाजी ड्रायव्हर रात्रभर गाढ झोपले होते, आणि तरीही सकाळी त्यांच्या चपलांना ओला चिखल लागलेला होता.

पलंगाच्या काठावर बसून त्यांनी डावी चप्पल उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. हिवाळ्याचे दिवस होते. चिखल म्हणावा असा गावात एकाच ठिकाणी होता, दुसऱ्या टोकाला हापशाजवळ. चपला तर रात्री पलंगाखाली ठेवल्या तशाच होत्या, टाचेला टाच लावून. काठी उशाशी भिंतीला टेकलेली होती आणि तिच्या टोकालाही चिखल होता.

आतल्या खोलीत चतुराबाई चुलीपुढे चहा उकळत बसल्या होत्या. माझ्या चपला कुणी नेल्या होत्या का, असं सोनाजींनी बायकोला विचारलं. "तुमच्या चपला नेऊन कोन काय करंल," असं आतून उत्तर आलं. ते बरोबरच होतं. त्या चपला एका अंगानं झिजून इतक्या तिरक्या झाल्या होत्या की धडधाकट माणूस त्या घालून निघाला असता तर चार पावलांत नालीत गेला असता.

सोनाजींनी सत्तावीस वर्षं एसटी चालवली होती, त्यातली बरीचशी रात्रीची. क्लच दाबून दाबून आपला डावा गुडघा कामातून गेला आणि उजवा निव्वळ सोबत म्हणून गेला, असं त्यांचं मत होतं. निवृत्त होऊन गावी आल्यापासून गुडघ्यांनी त्यांची झोप खाल्ली होती. आडवं होऊन तासभर झाला की दोन्ही गुडघे धरायचे. मग इंजिन गार पडलं, आता धक्का द्यावा लागणार, असं म्हणत ते उठायचे, जुना खाकी कोट चढवायचे, कानाला मफलर गुंडाळायचे, वरून घोंगडं घ्यायचे आणि काठी टेकत गावात हिंडायचे. आठ वर्षं रोज हे चाललं होतं. गावाला त्या टकटकीची इतकी सवय झाली की कुत्री मान वर करीनाशी झाली आणि लेकुरवाळ्या बाया तिच्यावरून किती वाजले ते ओळखू लागल्या.

दिवाळीनंतर कळमनुरीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढले आणि झीज झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, दुखतं म्हणून झोप लागत नाही आणि झोप लागत नाही म्हणून जास्त दुखतं, हे चक्र कुठंतरी तोडायला हवं. त्यांनी रात्री जेवणानंतर एक गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ पायाचे व्यायाम दिले आणि वजन कमी करा म्हणून दम दिला. तीनएक आठवड्यांनी एका रात्री सोनाजी जे झोपले ते थेट सूर्य उगवल्यावर उठले. त्यांचा विश्वासच बसेना. नातू झाल्याचं सांगावं तसं ते गावभर सांगत सुटले, की मला झोप लागली.

गाव मात्र हसलं. कारण त्याही रात्री गावानं काठी ऐकली होती.

सडकेवरच्या एसटीच्या शेडात रोज सकाळी म्हाताऱ्यांची बैठक भरायची. तिथले कायमचे सभासद म्हणजे बंडोपंत. तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि त्यांचा भुतांवर ठाम विश्वास होता. विश्वास नुसता नव्हता, रीतसर होता. एका वहीत ते तारीख, ठिकाण, पाहणाऱ्याचं नाव आणि भुताचा प्रकार लिहून ठेवत. सोनाजी त्यांचे मित्र आणि, नोकरीत असताना सुट्टीवर गावी यायचे तेव्हापासूनचे, पक्के विरोधक. दर पौर्णिमेला विहारात पोरांपुढं उभं राहून ते भूत-भानामती सगळं झूट असल्याचं सांगत, आणि शेडात येऊन तेच बंडोपंतांना ऐकवत.

"पंत, वारंगा फाट्यावर अवसेच्या राती येकट्यानं चाक बदललंय मी," ते म्हणत. "येक भूत गाडीत चढलं न्हाई. चढलं असतं तर कंडक्टरनं तिकीट फाडलं असतं त्याचं."

तर त्या चिखलाच्या सकाळी बंडोपंतांनी, काल फारच वेळ हिंडत होता, असं म्हटलं. सोनाजींच्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. पूर्वी त्यांच्यासोबत एक कंडक्टर होता. मुक्कामाच्या गावी तो झोपेत उठून गाडीत जायचा, घंटी वाजवायचा आणि परत येऊन झोपायचा. तेव्हा आपणही झोपेत चालत असणार, हे उघड होतं. आठ वर्षांची पायांची सवय, तेवढी एका गोळीनं कशी सुटावी. यात भुताचा संबंध नाही आणि घाबरण्यासारखंही काही नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं.

त्या रात्री गोळी घेतल्यावर त्यांनी उजवा पाय दोरीनं पलंगाच्या पायाला बांधला. एसटीच्या टपावरचं सामान ज्या गाठीनं बांधतात ती गाठ मारली. ती सोडवायला जागा माणूस आणि चांगला उजेड लागतो. चतुराबाईंनी पाहिलं तेव्हा हा नवा व्यायाम असल्याचं सोनाजींनी सांगितलं. चतुराबाईंनी थोडा वेळ गाठीकडं आणि थोडा वेळ नवऱ्याकडं पाहिलं, कंदील बारीक केला आणि त्या आत निजायला गेल्या. त्या चुलीच्या उबेला निजायच्या. का, ते सोनाजींनी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी गाठ होती तशी होती. पाय पलंगाला होता. आणि चपलांना चिखल होता.

शेडात बंडोपंत आधीच येऊन बसले होते. रात्री ते उठून दारात आले, तर लोडशेडिंगच्या अंधारात समोरून घोंगडं पांघरलेले सोनाजी चालले होते. बंडोपंतांनी हाक मारली. सोनाजींनी मागं वळून न पाहता नुसती काठी वर केली आणि ते हापशाच्या बोळात वळले. मित्र म्हणून दोन शब्द बोलायला काय झालं होतं, एवढीच बंडोपंतांची तक्रार होती.

"मी न्हाई तो," सोनाजींच्या तोंडून निसटलं. "माझा पाय बांधलेला व्हता."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. बंडोपंतांनी खिशातून वही काढली, पण उघडली नाही. माणूस झोपलेला, पाय बांधलेला, आणि त्याचीच आकृती त्याच्याच चपला घालून बाहेर फिरते आहे, असा प्रकार त्यांच्या वहीत अजून आला नव्हता. कोपऱ्यातले बाबूसिंग हळूच म्हणाले की असं ऐकण्यात आहे, आधी माणसाची छाया फिरते आणि मग तिच्या मागं माणूस जातो. कुठं जातो ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारच्या नर्मदाबाई विचारपूस करायला आल्या आणि बोलता बोलता सोनाजींची पावलं उलटी तर नाहीत ना, हे पाहून गेल्या. बांधावरून सहा वर्षं बोलणं टाकलेला चुलतभाऊ हरिचंद डोळ्यांत पाणी आणून माफी मागून गेला. वाटेत सोनाजी दिसले की पाण्याला निघालेल्या बाया घागरी सावरत बाजूला होऊ लागल्या. घरी आरशात दाढी करताना सोनाजींना उगीचच वाटलं की आतला माणूस वस्तरा थोडा उशिरा उचलतो आहे. त्यांनी अर्ध्या दाढीवर आरसा पालथा घातला. उशाशी टेकलेली काठीही आता त्यांना नको वाटू लागली, पण ती दुसरीकडं ठेवायला हात धजेना.

गोळ्या, झोप, गुडघे हे सगळं एका बाजूला राहिलं. सोनाजींना एकच गोष्ट खात होती. तीस वर्षं ज्या तोंडानं भूत नाही म्हणून सांगितलं, त्याच तोंडाचं भूत गावात हिंडत होतं. विहारातली पोरं त्यांच्याकडं बघत होती. दोन दिवसांनी ते शेडात गेले, काठी फरशीवर आपटली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आज रातीला धरतो त्याला. उद्या सकाळी हितंच सांगीन काय हाये ते. भूत निघालं तर भूत हाये म्हनीन, पंतांच्या वहीत सही करीन."

"नका करू ड्रायव्हर," बंडोपंत कळवळून म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाद जिंकायचा नव्हता.

त्या रात्री सोनाजींनी गोळी घेतली नाही. पाय मात्र बांधला, कारण आपण नाही हे आधी आपल्याशीच पक्कं करायला हवं होतं. मग डोळे मिटून घोरण्याचं सोंग केलं. स्वतःचं घोरणं त्यांनी कधी ऐकलेलं नसल्यामुळं ते जुनी गाडी चढावर चालल्यासारखा आवाज काढत राहिले. गोळी नाही म्हटल्यावर गुडघ्यांनी लगेच हजेरी लावली. अंगणातलं कुत्रं एकदा उठून अंग झाडून पुन्हा निजलं. मग बराच वेळ काही नाही.

आणि मग त्यांच्या पायाजवळून कुणीतरी गेलं.

सोनाजींनी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. खुंटीवरचा खाकी कोट खाली उतरला. मफलर कानाभोवती गुंडाळला गेला. घोंगडं खांद्यावर आलं. बारीक कंदिलाच्या उजेडात सोनाजी आपल्या पलंगावर पडून, आपल्याच पायाशी उभ्या असलेल्या सोनाजींकडं बघत होते. त्या आकृतीनं चपलांत पाय घातले, वाकताना डावा गुडघा हातानं दाबला आणि अगदी त्यांच्यासारखाच, दातातल्या दातात श्वास ओढला. मग ती उशाशी आली. एवढी जवळ आली की घोंगड्याची लोकर सोनाजींच्या नाकाला लागली. तिनं काठी उचलली, दाराची कडी आवाज न करता काढली आणि ती बाहेर गेली. थोड्या वेळानं बोळातून टकटक ऐकू आली.

सोनाजींचं घोरणं केव्हाच बंद पडलं होतं. आपण खरे की तो खरा, एवढाच प्रश्न डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना खात्री नव्हती. ते झटक्यात उठायला गेले, पायाला दोरीचा हिसका बसला आणि पलंगासकट हातभर सरकून ते जमिनीवर आपटले. ती गाठ तेवढ्या बारीक उजेडात सोडवताना सत्तावीस वर्षांत त्यांनी प्रवाशांच्या सामानाला दिल्या नसतील तेवढ्या शिव्या आपल्याच गाठीला दिल्या. मोकळे होताच वारंगा फाट्यावर अवसेला एकट्यानं चाक बदलणारे सोनाजी ड्रायव्हर रांगत आतल्या खोलीत गेले, बायकोला उठवायला.

गोधडी रिकामी होती. हात लावला तर अजून कोमट होती.

भूत नुसतं काठी घेऊन गेलं नव्हतं, चतुरेला घेऊन गेलं होतं. भूत असतं की नसतं याचा विचार करायला त्यांना वेळच राहिला नाही. लाटणं हाती लागलं ते घेतलं आणि ते अनवाणी, काठीवाचून, भिंती धरत बोळातून निघाले. प्रत्येक पावलाला दोन्ही गुडघे ओरडत होते. पुढं अंधारात टकटक चालली होती. ती थांबली की सोनाजी थांबत, ती सुरू झाली की चालत. शेवटी हापशाजवळ ती थांबली ती थांबलीच. तिथल्या ओट्यावर घोंगडं पांघरून, पाठमोरं, कुणीतरी पाय लांब करून बसलं होतं.

सोनाजींनी लाटणं उगारलं. "माझी बायको कुटं ठेवली?" ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तेवढा मोठा निघाला नाही.

"ती हितं बसली तर घरी कोन हाये?" घोंगड्यातून उत्तर आलं. "दार उघडं टाकून आलात का?"

सोनाजी मटकन ओट्यावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा गुडघ्यांनी त्यांना खाली सोडलं. चतुराबाईंनी मफलर सैल केला, लाटण्याकडं एकदा पाहिलं आणि ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. कवापासून, असं सोनाजींनी विचारलं. चतुराबाई म्हणाल्या की तुमच्या गुडघ्याला आठ वर्षं झाली, माझ्या गुडघ्याला धरा बारा. हे त्यांनी रोजच्या स्वयंपाकाविषयी सांगावं तसं सांगितलं. तुमी क्लच दाबत होता तेव्हा मी लोकांच्या शेतात वाकून कापूस वेचत होते, एवढंच पुढं म्हणाल्या.

"मग बोलली काहून न्हाई?"

"तुमी बोलत व्हता ना. येका घरात किती गुडघे बोलनार."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ वर्षं सोनाजी गावात हिंडायचे तेव्हा चतुराबाई घरात हिंडत, चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. बोळात काठी वाजली की येऊन निजल्याचं सोंग घेत. त्यांचा चालण्याचा वेळ तेवढाच होता. सोनाजींना झोप लागली आणि तो गेला, कारण आता पुढच्या खोलीत नवरा निजलेला असायचा.

"आठ वर्सानं झोप लागली तुमाला," त्या म्हणाल्या. "मी घरात पाय आपटत हिंडले असते तर मोडली असती. बाहीर यावं तर बाईमानूस. रातीला हिंडली तर गावानं काय म्हनलं असतं? तुमच्या काठीवर कुत्रं बी भुकत न्हाई. म्हनून तुमच्या नावानं हिंडले."

सोनाजींना लाज वाटली. भुताच्या भीतीपेक्षा ती जड होती. त्यांनी हात पुढं करून बायकोच्या गुडघ्यावर ठेवला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि हा गुडघा कसा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो सुजलेला होता, गरम होता, त्यांच्या गुडघ्यापेक्षा मोठा होता. घरी जाताना काठी एकच आणि चपलांची जोडीही एकच. काठी कुणी घ्यायची यावरून दोघांत थोडी कुरबुर झाली, मग ती मधे धरून दोघं गेले.

पहाटेपर्यंत सोनाजी जागेच होते, पण आता गुडघ्यांमुळं नव्हे. शेडात खरं सांगितलं तर त्यांचा शब्द राहणार होता, तीस वर्षांचं बोलणं राहणार होतं. आणि गाव महिनाभर हसणार होतं. बंडोपंतांच्या दारापासून हापशापर्यंत सगळे खिडकीत उभे राहून ड्रायव्हरची बायको आज निघाली का ते पाहणार होते. डॉक्टरांची गोळी लागू पडायला तीन आठवडे लागतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. तीन आठवडे चतुरेनं कुठं हिंडायचं?

सकाळी शेड गच्च भरलं होतं. विहारातली पोरंही आली होती. सोनाजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले. चतुराबाई पिशवी घेऊन सडकेच्या कडेला कळमनुरीच्या गाडीची वाट पाहत उभ्या राहिल्या. दिसलं का, असं बंडोपंतांनी विचारलं. दिसलं, असं सोनाजी म्हणाले.

"मग? काय हाये?"

सोनाजींनी एकदा पोरांकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

"भूत हाये," ते म्हणाले. "कुणाच्या वाटंला जात न्हाई. कुणी रातीला खिडकी उघडून बघू नका, म्हंजे झालं. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या." मग त्यांनी बंडोपंतांच्या हातातून वही घेतली आणि ठरल्याप्रमाणं सही केली.

लोक मुकाट्यानं उठून गेले. पोरं एकमेकांच्या जवळ जवळ चालत गेली. बंडोपंत सहीकडं बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी या दिवसाची वाट पाहिली होती आणि आता त्यांना रडू येईलसं झालं होतं. उद्यापासून वाद घालायचा कुणाशी? ते सोनाजींच्या शेजारी सरकून बसले.

"ड्रायव्हर, मला एकट्याला सांगा. कसं व्हतं?"

"बिचारं व्हतं पंत. गुडघे दुखत व्हते त्याचे."

"भुताचे?"

"बारा वर्सं झाली. कुनी इचारलंच न्हाई त्याला."

गाडी आली. सोनाजी उठले आणि आधी चतुराबाईंना वर चढवू लागले. पायरीवर पाय ठेवताना चतुराबाईंनी डावा गुडघा हातानं दाबला आणि दातातल्या दातात श्वास ओढला. गाडी धूळ उडवत निघून गेली तरी बंडोपंत त्या पायरीच्या जागेकडं पाहत उभे होते. मग त्यांनी वही उघडली, सहीचं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि ते घराकडं निघाले.

घरी वासंतीबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. बंडोपंत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "अगं, तुला रात्री झोप लागते का? गुडघे वगैरे काही तकलीफ देतात का?"

वासंतीबाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, त्याच्या मागच्या उघड्या दाराकडं पाहिलं. लग्न होऊन चाळीस वर्षांत या माणसानं असं कधी विचारलं नव्हतं. गावात काय हिंडतं आहे ते त्यांनीही ऐकलं होतं. "जागचे हलू नका," एवढंच त्या म्हणाल्या. मग भिंतीला हात लावून, गुडघा दाबत, दोन टप्प्यांत त्या उठल्या आणि नवऱ्यावरून ओवाळायला मीठ-मोहऱ्या आणण्यासाठी आत गेल्या.